भाऊंची आतली भिंत

बुलढाणा, चिखली, मेहकर या पट्ट्यात निवृत्त माणसाला पूर्वी दोनच वेड लागत: शेगावची पायी वारी, नाही तर पतसंस्थेची निवडणूक. आता तिसरं आलंय, शेतात लाकडी घर बांधण्याचं. ते लागलेल्या गृहस्थांना गाव ‘भाऊ’ म्हणतं. भाऊंची पेन्शन बरी असते, मुलगा पुण्यात असतो, रस्त्याला लागून दोन-अडीच एकर असतात आणि मोबाइलमध्ये मनालीतल्या ओंडक्यांच्या घरासमोरचा फोटो असतो. २०१९ साली टिपेश्वरहून निघालेला ‘वॉकर’ वाघ चालत चालत ज्ञानगंगा अभयारण्यात आला. तेव्हापासून भाऊ आपल्या सोयाबीनच्या वावरालाही ‘जंगल एरिया’ म्हणतात.

याच भाऊंनी ऐन उमेदीत वडिलांचं धाब्याचं घर पाडून स्लॅब टाकला होता. त्या घराचे सागवानी खांब जुनं लाकूड घेणाऱ्याला जवळपास सरपणाच्या भावात दिले. आता तेवढाच जाड साग ते घनफुटाचा भाव विचारून घेतात आणि हात फिरवून म्हणतात, “अस्सल आहे!”

ओंडके एकावर एक चढतात, पत्रे पडतात, बाहेरून घर फोटोसारखं दिसू लागतं. मग भाऊ आत जातात. आतही लाकूडच.

खरी कसोटी इथून सुरू होते. लाकूड हवं म्हणून घर बांधलं, पण आतल्या भिंती ‘फिनिशिंग’ झालेल्या दिसल्या पाहिजेत. गाडीच्या डिकीत नमुने साठतात: पाइनच्या पट्ट्या, पीव्हीसीची पॅनल, जिप्समचा तुकडा, लॅमिनेटची जाडजूड वही. खामगावच्या दुकानात ठरलेला रंग घाट चढून बुलढाण्यात येईपर्यंत टिकत नाही. सोमवारी पॉलिश, बुधवारी टेक्श्चर, आणि शनिवारी साडू येऊन गेला की पीओपी.

“भाऊ, लाकूड उन्हाळ्यात आखडते अन् पावसाळ्यात फुगते,” मिस्त्री सांगतो. “त्याच्यावर पीओपी मारली तं दिवाळीले भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा दिसन.”

मिस्त्रीचं बरोबरच असतं. ओंडका लांबीत फारसा बदलत नाही, जाडीत बदलतो. आडवे ओंडके रचलेली भिंत त्यामुळे पहिली काही वर्षं हळूहळू खाली बसते. म्हणून दारा-खिडक्यांच्या चौकटीवर फट सोडायची, आतून पट्ट्या मारायच्या तर त्यांनाही हलायला जागा ठेवायची, आणि तेल किंवा पॉलिश असं लावायचं की लाकडाचा ओलावा आत कोंडणार नाही. भाऊ हे सगळं ऐकतात आणि विसरतात. मग अमेरिकेतला भाचा व्हिडिओ कॉलवर हेच सांगतो. दुसऱ्या दिवशी भाऊ मिस्त्रीला गंभीरपणे बजावतात, “चौकटीवर फट सोड बरं. तिकडं तशी पद्धत आहे.”

मिस्त्री मान डोलावतो आणि तंबाखू मळायला घेतो.

भाऊ वाचनालयाचे सभासद असल्यामुळे इतिहासही मदतीला येतो. आपल्याच डोंगररांगेतल्या अजिंठ्याचा दाखला ते पाहुण्यांना देतात. तिथे कारागिरांनी खडकावर मातीचा गिलावा केला, मातीत भाताचा तूस आणि गवताचे तंतू मिसळले, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्रं काढली. एवढं ऐकवून ते सव्विसाव्या लेण्याकडे वळतात. त्या चैत्यगृहाच्या छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या आहेत, पण कोरल्यात दगडातून. “पाचव्या शतकात दगडाचं लाकूड केलं त्यांनी,” भाऊ म्हणतात, “मग मी लाकडाचा संगमरवर केला तर काय बिघडलं?” यावर साडूलाही उत्तर सुचत नाही, कारण त्याच्या सिमेंटच्या बंगल्यात हॉलच्या एका भिंतीला लाकडी दिसणाऱ्या टाइल्स आहेत.

काकूंची अट एकच असते: “फोडणीचं तेल उडालं तर पुसता आलं पाहिजे.” स्वयंपाकघराचा प्रश्न त्या एका वाक्यात मिटतो, ओट्यामागे टाइल लागते. न्हाणीघर विटांचं करायचं, हेही त्याच ठरवतात. भाऊंकडे हॉल उरतो.

हॉलमध्ये अखेर एका बाजूला पाइन लागतं, दुसरीला पीव्हीसी, तिसरीवर चार पॉलिशचे चार चौकोन ‘वाळल्यावर बघू’ म्हणून राहतात. चौथीला कुणी हात लावलेला नसतो. वास्तुशांतीला आलेली मंडळी नेमकी त्याच कोऱ्या भिंतीपुढे उभी राहून फोटो काढतात. भाऊ खुलतात आणि ही कल्पना आपलीच असल्याचं सांगू लागतात. तेवढ्यात गावाकडची आत्या नऊवारीचा पदर सावरत भिंत चाचपते आणि विचारते, “अन् काहो भाऊ, हिचं पलस्तर राह्यलं का?”

त्याच संध्याकाळी मिस्त्रीला पुन्हा फोन जातो.