येडशीत माणसाची वाढ कशी अभ्यासावी? (फक्त नवशिक्यांसाठी)

साहित्य : एक वही, दोन पेन, उन्हाची टोपी आणि दिवसाला आठ चहा सोसणारं पोट. विषय : माणूस पाळण्यापासून पारापर्यंत कसा वाढतो. याला विकासात्मक मानसशास्त्र असं भारदस्त नाव आहे. येडशीत ते सांगत बसू नका. वही दिसली की तुम्ही ‘सर्व्हेवाले’. घरकुलाची यादी कधी लागणार, हे तुम्हाला पहिल्या तासात विचारलं जाईल.

आधी वय लिहून घ्यायचं. बहुतेक नवशिके इथंच घसरतात. म्हाताऱ्या माणसांना जन्मतारीख विचारली की एकामागून एक १ जून, १ जून असं ऐकू येतं. यावरून मराठवाड्यात जूनच्या एक तारखेला बाळंतपणाची लाट येते, असा प्रबंध लिहू नये. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लावलेली असते. हात डोक्यावरून नेऊन पलीकडच्या कानाला लागला की लेकरू सहा वर्षांचं. खरं वय हवं असेल तर “बहात्तरच्या दुष्काळात केवढे होता?” असं विचारा. “खडी फोडायला जात होतो” आणि “मायच्या कडेवर होतो” ही दोन्ही उत्तरं आधार कार्डापेक्षा भरवशाची.

तान्ह्या लेकरांसाठी पुस्तकात मेरी एन्सवर्थबाईंची पद्धत सापडेल. खोलीत आई, लेकरू आणि एक अनोळखी बाई. आई थोडा वेळ बाहेर जाते. ती परतल्यावर लेकरू काय करतं ते टिपायचं. येडशीत मुळात अनोळखी बाईच मिळत नाही. मिळालीच तर पाच मिनिटांत ती कुणाच्या तरी जावेची मावसबहीण निघते. आणि आईनं उंबरा ओलांडायच्या आत लेकरू चुलतीच्या कडेवर गेलेलं असतं. बाल्टिमोरला ही पद्धत बसवण्याआधी एन्सवर्थबाई युगांडातल्या खेड्यांत आयाबायांना न्याहाळत बसल्या होत्या, त्यामुळे तुमची अडचण त्यांना कळली असती. ‘प्रयोग रद्द’ लिहा आणि पुढे चला.

पुढचा प्रयोग एका चहात होतो. स्वित्झर्लंडचे जां पियाजे दोन सारख्या भांड्यांत सारखंच पाणी घेत, मग एकातलं तिसऱ्याच आकाराच्या भांड्यात ओतत आणि मुलाला विचारत, आता जास्त कशात? सहा-सात वर्षांखालची मुलं सहसा उंच भांड्याकडे बोट दाखवतात. मी हे घरीच केलं. दोन ग्लास चहा, त्यातला एक बशीत ओतला, थोडा पायजम्यावर. पाच वर्षांची भाची म्हणाली, “ग्लासात जास्त.” अगदी पुस्तकाबरहुकूम. नऊ वर्षांचा भाचा म्हणाला, “सारखाच हाय. पण मला ग्लासातलाच दे.” हे पियाजेंच्या कुठल्या अवस्थेत बसवायचं, याचा विचार करत होतो, तोवर आजीनं बशी उचलली, फुर्रकन पिऊन टाकली आणि म्हणाली, “निवत होता.” पुरावा नष्ट.

संयमाची परीक्षा येडशीजवळच्या रामलिंगच्या देवळात घ्यायची, आणि तीही जपून. स्टॅनफर्डच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल मुलापुढे एक गोळी ठेवून सांगत, मी येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबणारी मुलं पुढे जास्त हुशार निघाली, अशी त्या प्रयोगाची ख्याती झाली. हाच प्रयोग रामलिंगच्या पायऱ्यांवर प्रसादाच्या पेढ्यावर करून पाहा. थांबणाऱ्या लेकराचा पेढा माकड नेतं. जे लेकरू पेढा हातात पडताच तोंडात टाकतं, ते संयमात नापास. पण पेढा पोटात असलेलं तेच एकटं. यात फक्त विनोद नाही. २०१३ साली रोचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की ज्या मोठ्या माणसानं नुकताच शब्द मोडलाय त्याच्यासाठी मुलं थांबत नाहीत. पुढे २०१८ च्या मोठ्या पाहणीत घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर मिशेल यांच्या गोळीचं भविष्यही बरंच फिकं पडलं. आमच्या लेकरांना ही अक्कल माकडांनी फुकट दिली आहे.

तरण्या पोरांचं प्रकरण थोडक्यात उरकू. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली लिहिलं, की या वयात सगळं जग आपल्याकडेच बघतंय असा भास होतो. त्याला त्यांनी ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं. येडशीत यातला ‘काल्पनिक’ शब्द खोडावा. पोरगं नवा गॉगल लावून फाट्यावर उतरतं, तेव्हा गॉगलची किंमत घरी पोचलेली असते.

आता जिथं खरी फसगत होते ती जागा. म्हातारी माणसं कणगीत धान्य साठवतात, शिळी भाकरी टाकू देत नाहीत, हे पाहून नवशिका लिहितो : ‘वार्धक्यात साठवणुकीची वृत्ती वाढते.’ ही वृत्ती वयानं आणलेली नाही. बहात्तरला ज्यांनी दुष्काळी कामावर सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या, ते विशीतही तसेच होते. तसंच ३० सप्टेंबर १९९३ चं. गणपती बुडवून लोक झोपले आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपात किल्लारी-सास्तूरकडची दगडमातीची घरं माळवदासकट अंगावर आली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं माणूस आज चाळिशी ओलांडून गेलंय आणि माळवद दिसलं की अंगणात बाज टाकतं. त्याला ‘मध्यमवयीन अस्वस्थता’ म्हणाल तर लोक तोंडावर हसतील. वॉर्नर शाय यांनी १९५६ पासून सिएटलमध्ये तीच तीच माणसं दर सात वर्षांनी तपासली, तेव्हा कळलं, की म्हातारपणी बुद्धी घसरते असं जे वाटत होतं त्यातला बराच भाग दोन पिढ्यांमधला फरक होता. म्हणून वहीत वयाशेजारी आणखी एक रकाना आखा : काय काय सोसलं.

अशा दीर्घकालीन अभ्यासाला चिकाटी लागते. हार्वर्डचा १९३८ साली सुरू झालेला अजून चालू आहे, संशोधक मात्र बदलत गेले. येडशीच्या पारावर संशोधक बदलत नाहीत. तुम्ही वही उघडण्याआधी तिथले बापू विचारतील : गाव कोणतं, लग्न झालं का, लेकरं किती, पगार किती. पुढच्या वर्षी आलात की हेच चार प्रश्न त्याच क्रमानं येतील, आणि तुमची गेल्या वर्षीची उत्तरं त्यांना तोंडपाठ असतील. तेव्हा पगार खराच सांगा.