फिर्यादी जागा, आरोपी निद्रिस्त

बहुतेक विकारांत रोगी कण्हतो आणि घरचे त्याची समजूत काढतात. निद्राविकारांच्या प्रांतात मात्र रोगी डाराडूर झोपलेला असतो आणि कण्हण्याचे काम शेजारच्या उशीवर चालू असते. घोरण्याचे निदान त्यामुळे पत्नीच्या जबानीपासून सुरू होते, आणि ही जबानी सकाळच्या चहाबरोबर आरोपीपुढे ठेवली असता तो ती साफ फेटाळतो, इतकेच नव्हे तर रात्रभर आपला डोळ्याला डोळा लागला नसल्याचा प्रतिदावाही दाखल करतो. (घोरण्यात स्त्रियाही मागे नसतात, त्यांच्याविरुद्ध जबानी द्यायला साक्षीदार पुढे येत नाहीत, एवढेच.)

झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग अरुंद होतो आणि त्यातून वाट काढणाऱ्या हवेने टाळूचा मऊ भाग व पडजीभ थरथरू लागली की जो नाद उमटतो, त्यास घोरणे म्हणतात. एवढ्यावर भागले तर प्रश्न केवळ कौटुंबिक राहतो. परंतु मार्ग मिटून श्वास १० सेकंद किंवा अधिक काळ अडू लागला, तर त्यास स्लीप ॲप्निया, म्हणजे निद्रेतील श्वासरोध, ही संज्ञा प्राप्त होते, आणि श्वास अडण्याचे वा अपुरा पडण्याचे असे प्रसंग तासाला ३० किंवा त्याहून अधिक झाले की विकार तीव्र मानला जातो. याचे सर्वांत भयंकर लक्षण आवाज नसून शांतता होय. मध्यरात्रीपर्यंत त्या करवतीच्या नावाने बोटे मोडणारी पत्नी, करवत एकाएकी थांबताच ताडकन उठून बसते, नाकाशी बोट धरून पाहते, ‘अहो’ म्हणून खांदा गदागदा हलवते. तेवढ्यात एक जबरदस्त आचका देऊन कारखाना पूर्ववत सुरू होतो, आणि ज्या आवाजाने तिची झोप उडवली होती त्याच आवाजाने तिचा जीव भांड्यात पडतो.

आरोपीला यातले काहीच ठाऊक नसते. सकाळी डोके का जड आहे आणि दुपारी साहेबांसमोर पेंग का येते, हे कोडे मात्र त्याला पडते. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला जो नावाचा स्थूल पोरगा असाच कोठेही झोपी जाई, आणि १९५६ साली डॉक्टरांनी अतिस्थूलतेसह येणाऱ्या श्वसनदोषाला त्या कादंबरीचेच नाव दिले. उपचार १९८१ मध्ये सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी मांडला : मुखवट्यातून नाकात सतत दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवणे. घोरणे त्याने थांबते. शयनगृहाला तेवढी अतिदक्षता विभागाची कळा येते.

निद्रानाशात उलट रोगीच फिर्यादी असतो, आणि साक्ष थोडी फुगवूनही देतो. आठवड्यातून निदान ३ रात्री, असे ३ महिने चालल्यास त्यास जुनाट म्हणतात. परंतु ‘टक्क जागा होतो’ म्हणणाऱ्या काही जणांच्या डोक्याला तारा लावून मेंदूचे आलेख काढले, तर ते बरेच तास झोपल्याचे आढळते.

नार्कोलेप्सी या विकारात दिवसाढवळ्या झोपेचे अनावर झटके येतात, आणि काही रोग्यांचे स्नायू हसू फुटताच क्षणभर लुळे पडतात. यास कॅटाप्लेक्सी म्हणतात. विनोदी लेखकाने हा रोगी आदरणीय मानावा, कारण तो पेंगला तर दोष लेखाचा नसतो, आणि त्याचे गुडघे लटपटले तर ती पावती असते.