बेरीज सोडून सगळं

खर्च लिहून ठेवला की तो निम्मा होतो, अशी काही माणसांची प्रामाणिक समजूत असते. या जातीचा मुकुटमणी व्हर्जिनियात होऊन गेला. नाव थॉमस जेफरसन. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणं आणि अमेरिकेचं अध्यक्षपद सांभाळणं हे त्याचे जोडधंदे. मूळ धंदा नोंदी ठेवण्याचा.

खिशात हस्तिदंताच्या पातळ पानांची छोटी वही असे. दिवसभर पेन्सिलीने टिपायचं, मग सवडीने मोठ्या वहीत उतरवायचं, आणि पानं पुसून पुन्हा कोरी करायची. हा उद्योग १७६७ पासून १८२६ पर्यंत चालला. ४ जुलै १७७६ ला फिलाडेल्फियात राष्ट्र जन्माला येत होतं. जेफरसनच्या वहीत त्या दिवशी एका थर्मामीटरची किंमत आहे, बायकी हातमोज्यांच्या सात जोड्या आहेत आणि किरकोळ दानधर्म आहे. शिवाय दिवसभरात चार वेळा तापमान टिपलेलं. दुपारी एकला ७६ अंश फॅरनहाइट. पुढे अध्यक्ष झाल्यावर वॉशिंग्टनच्या बाजारात कोणती भाजी कधी आली आणि कधी संपली, याचा आठ वर्षांचा तक्ता त्याने केला. राष्ट्राध्यक्षाला भाजीबाजाराची इतकी खबर असलेली मी दुसरीकडे ऐकलेली नाही.

या वह्यांत नव्हती ती फक्त बेरीज. हातातली रोकड तो अधूनमधून ताडून पाही. पण आपलं एकूण देणं किती, हे त्याने बहुधा स्वतःलाही कळू दिलं नाही. रोजकीर्द चोख, ताळेबंदाच्या नावाने शून्य. १८०९ मध्ये अध्यक्षपदावरून उतरताना आपल्या डोक्यावर हजारो डॉलरचं नवं कर्ज बसलंय, हे पाहून तो हादरला. पाहुणचार आणि फ्रेंच वाइन त्यानेच लिहून ठेवली होती की!

थोडं त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. सासरे जॉन वेल्स १७७३ मध्ये वारले, आणि जमीन व गुलामांबरोबर इंग्रज व्यापाऱ्यांचं कर्जही जावयाच्या पदरात पडलं. ते फेडायला त्याने जमीन विकली. पैसे हाती येईतो स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या कागदी नोटा मातीमोल झाल्या. पण माँटिचेलो हे आपलं उभं घर पाडून पुन्हा बांधणं काही सासऱ्यांच्या माथी मारता येत नाही. १८१५ मध्ये त्याने आपली ६,४८७ पुस्तकं अमेरिकेच्या काँग्रेसला २३,९५० डॉलरना विकली, देणेकऱ्यांची तोंडं जरा बंद केली, आणि पुन्हा पुस्तकं घ्यायला लागला.

खरा घात केला तो सहीने. १८१८ मध्ये विल्सन केरी निकोलस यांनी २०,००० डॉलरच्या कर्जाला जामीन राहा म्हटलं. निकोलस म्हणजे नातवाचे सासरे. नाही कसं म्हणायचं? १८१९ च्या मंदीत निकोलस बुडाले, १८२० मध्ये वारले, आणि त्यांना पुरलं ते माँटिचेलोच्याच घरच्या दफनभूमीत. व्याज जेफरसन भरत राहिला. अशा अवस्थेत १८२५ मध्ये, आपलं नाव ठेवलेल्या एका लहान मुलाला त्याने आयुष्याचे दहा नियम लिहून धाडले. त्यातला एक असा: पैसे हाती येण्याआधी खर्चू नयेत.

वर्षभराने तो गेला तेव्हा देणं निघालं एक लाख सात हजार डॉलरच्या घरात. बेरीज अखेर वारसांना करावी लागली.

आणखी एक वही होती, शेताची. तिच्यात गुलामांची नावं, त्यांची कुटुंबं, कोणाला किती कापड आणि घोंगड्या दिल्या, हे त्याच नेटक्या अक्षरात आहे. या पानांवर मला हसू येत नाही. जानेवारी १८२७ मध्ये माँटिचेलोच्या सामानाचा लिलाव झाला. त्याच्या जाहिरातीत घरातलं फर्निचर होतं, जनावरं होती, शेतातलं पीक होतं, आणि १३० माणसं होती.