घर पाहावे मोजून

मुंबईत घर घेणे ज्यांच्या ऐपतीबाहेरचे आहे, आणि घर घेण्याचा विचार सोडून देणे ज्यांच्या स्वभावाबाहेरचे आहे, अशा सद्गृहस्थांत आमच्या मेहुण्यांची गणना अग्रभागी करावी लागेल. म्हाडाच्या सोडतीत अर्ज करण्याची त्यांची निष्ठा इतकी अढळ की, नंबर न लागता अनामत रक्कम परत आली तरी ते त्या दिवशी घरी पेढे नेतात. डोंबिवली, बदलापूर, कर्जत अशी एकेक स्टेशने दरांनी काबीज केल्यावर नकाशावरील त्यांचे बोट पूर्वेस सरकत गेले ते थेट गोंदियास जाऊन टेकले. कारण त्यापुढे एकीकडे मध्य प्रदेश व दुसरीकडे छत्तीसगड लागतो, आणि परराज्यात बिऱ्हाड करण्यास आमच्या भगिनीची संमती नव्हती.

सायंकाळी मुंबईहून सुटलेली विदर्भ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी गोंदियास येऊन थांबते, आणि कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्सप्रेसही, एकाच राज्याच्या हद्दीत उतारूंना दिवसाहून अधिक काळ बसवून ठेवल्यावर, अखेरीस येथेच विसावते. दोन्ही गाड्यांनी ज्या गावापुढे जाण्याचे नाकारले तेथे दरांनीही तसेच केले असावे, असे मेहुण्यांचे अनुमान होते. हा मुलूख १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात, आणि १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून स्वतःच्या नावाच्या जिल्ह्यात मोडतो. म्हणजे येथील एखाद्या जुन्या घराने जागचे न हलता जितके पत्ते बदलले, तितके मेहुण्यांनी भाड्याच्या खोल्या बदलूनही बदलले नसतील.

भातगिरण्यांच्या आणि विडीच्या या शहरात थंडी अशी पडली होती की, मुंबईच्या माणसाने स्वेटर केवळ शोभेसाठी आणलेला असतो ही गोष्ट तिने मुळीच विचारात घेतली नाही. आम्हांस जागा दाखवण्याचे काम ज्या तरुण दलालाने पत्करले होते, तो अत्यंत विनयशील, प्रत्येक वाक्याला ‘जी’ लावणारा, आणि जागेतील खोट जागा दाखवून झाल्यावर सांगणारा होता. पहिली जागा एका मालगुजारी तलावाच्या काठी. पाण्यावर बगळे, बांधावर मोहाची झाडे. मेहुण्यांनी बैठकीच्या खोलीची दिशाही ठरवून टाकली. तेव्हा कळले की, ही धानाची जमीन असून १९५८ च्या विदर्भ कुळकायद्याप्रमाणे ती परवानगीवाचून बिगरशेतकऱ्यास विकता येत नाही. आणि मेहुण्यांची शेती म्हणाल तर खिडकीतील एक तुळस व डब्यातील गवती चहा. दुसरी जागा आदिवासी खातेदाराची, जिला १९६६ च्या जमीन महसूल संहितेने संरक्षण दिलेले आहे. ते योग्यच म्हणावे लागेल. कारण हातात टेप घेऊन फिरणारे आमच्यासारखे लोक त्या काळीही असणारच. तिसरी निघाली भोगवटदार वर्ग दोन. ज्या जागेचा भाव सर्वांत कमी, तिच्या सातबाऱ्याचा इतिहास सर्वांत दीर्घ, हे एव्हाना आमच्या ध्यानात आले होते.

अखेर आमगावच्या वाटेवरील एका खेड्यात, गावठाणातले, नमुना आठवर विधिवत् नोंदलेले घर सापडले. कवेलूचे छप्पर, मातीच्या जाड भिंती, पुढे ओसरी, ओसरीपुढे सारवलेले अंगण, अंगणात विहीर, आणि मागच्या सांदवाडीत पपई व वालाचा मांडव. मेहुण्यांनी खिशातून आपली तीन मीटरची टेप काढली. मुंबईत ती पूर्ण उलगडण्याचा प्रसंग क्वचितच आला होता. येथे ओसरी निम्मीही झाली नाही तोच तिचे टोक हातातून सुटले आणि सपकन आत गेले. त्यांनी खडूने खूण केली, पुन्हा लावली, पुन्हा खूण केली. आणि हा विधी अंगणापर्यंत पोहोचला तेव्हा भोवती शाळा सुटल्याइतकी मुले जमली होती.

“मोजून काय करता जी? राहाचंच आहे ना?” घरधन्यांनी विचारले.

मेहुण्यांनी आपल्या सध्याच्या खोलीचे क्षेत्रफळ चारशे चौरस फूट असल्याचे सांगितले. सातबारा हेक्टर आणि आर यांत बोलतो, आणि एक आर म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. तेव्हा ही खोली अर्धा आरही भरत नव्हती. घरधन्यांनी ओसरीच्या कोपऱ्यातील धानाच्या ढोलीकडे पाहिले, आणि “दोन ढोल्या माववून जातीन जी,” असे सांत्वन केले.

त्यांनी सांगितलेली किंमत ऐकून मेहुण्यांचा चेहरा असा फुलला की मला त्यांच्या पायावर पाय देणे भाग पडले. परंतु व्यवहार ठरण्याच्या बेतात असताना त्यांच्या मुखातून एक अनावश्यक प्रश्न बाहेर पडला: इतके सुंदर घर विकता कशासाठी?

“पोरगा पुन्याले आहे जी, हिंजवडीत. त्याले तिथं फ्लॅट घ्याचा आहे.”

वस्तुतः येथे गप्प राहावयाचे. पण आयुष्यभर ज्या विषयाचे अध्ययन केले त्यावर जिज्ञासू श्रोता मिळाल्यावर गप्प राहणे विद्वानास साधत नाही. मेहुण्यांनी ओसरीवर बैठक मारून कारपेट, बिल्टअप व सुपर बिल्टअप यांतील भेद, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, गाडी उभी करण्याच्या जागेचे वेगळे पैसे आणि सोसायटीचा मासिक आकार, हे सर्व त्या खडूने जमिनीवर मांडून दाखवले. आणि या घराच्या किमतीत, विहीर, सांदवाडी व ढोलीसकट, पुण्यात एक न्हाणीघर व गॅलरीचा थोडा भाग येईल, असा निष्कर्ष काढून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

घरधनी बराच वेळ त्या रेघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी आत जाऊन कारभारणीशी मसलत केली, बाहेर येऊन आम्हांस जेवणाचा आग्रह केला, आणि भातावर वरण वाढता वाढता घराची किंमत पुण्याच्या हिशेबाने नव्याने सांगितली. मुलाचा फ्लॅट तेवढ्याचा, तर घरही तेवढ्याचेच; त्यात त्यांनी नफ्याचा एक रुपयाही धरला नव्हता, हे मेहुण्यांना हिशेब तपासून मान्य करावे लागले.

स्टेशनापर्यंत दलाल एक शब्द बोलला नाही. गाडीची घोषणा झाली तेव्हा मात्र त्याने सामान आत ठेवले, नमस्कार केला, आणि अत्यंत विनयाने म्हणाला, “रागावू नका जी, पन ह्याच्यापुढं हिशोब येनारं गिऱ्हाईक मी घेऊन जाणार नाही.”