जिन्याखालची ॲटलस

काय निवडून राहिल्या वहिनी, सांबार? द्या इकडं अर्धी जुडी, भिंतीवर ठेवा. गोष्ट लांबलचक आहे, हाताला काम असलं की सांगायला बरं.

परवा रात्री आला ना आमचा नातू. नागपूर ते आनंदवन, सायकलनं! तीन दिवस, पावणेदोनशे किलोमीटर. आला तो सरळ स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या सहा पोळ्या खाल्ल्या. म्हटलं बस ना बाप्पा, तर म्हणतो, आजी, बसायचं नाव नको काढू. दोन दिवस पोट्टं उशीवर बसून राहिलं आहे.

नाही नाही, शाळेची सहल नव्हे. ते निवृत्त ड्रिलचे सर नाहीत का, पहाटे अंबाझरीला भेटतात, त्यांनी जमवली मंडळी. सतरा पोरं, त्यात पाच मुली. तेरा ते सोळा वर्षांची सगळी, म्हणजे घरी पाण्याचा पेला उचलायला सांगितला तरी खांदे उडवणारं वय. सर आणि त्यांच्या मिसेस, दोघंही सायकलवर. सामान ज्याचं त्यानं आपल्या कॅरियरवर बांधायचं. अट एकच, आईबापांनी मागे गाडी आणायची नाही.

आता ऐका. बुटीबोरीच्या पुढे, रस्त्याच्या कडेला झाडाखाली एक पांढरी कार. आत एक आई. डिकीत तीन डबे, ग्लुकोज, क्रेप बँडेज. नाव नाही सांगत, भिंतीला कान असतात. सरांनी पाहिलं, जवळ गेले, हात जोडले आणि म्हणाले, ताई, वळवा गाडी. तर ती काय म्हणाली असेल? म्हणाली, आपल्या नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ 2017 मध्ये अख्खी अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकलनं एकट्यानं पार करून आले, त्यांच्या मागेसुद्धा गाडी होतीच ना! खरं आहे हो ते. त्या शर्यतीत मागे गाडी असतेच, बारा दिवसांच्या आत जवळपास पाच हजार किलोमीटर कापायचे म्हणजे झोप कुठली. पण सर म्हणाले, ताई, त्यांना शर्यत होती, आपल्याला दुपारच्या जेवणापर्यंत सेलूला पोचायचं आहे.

हसू नका. आमची सूनच होती ती. आणि मागच्या सीटवर? आता विचारलंच आहे तर सांगते, मी होते. डबे माझेच होते. नातवानं पाहिलं आणि मान वळवली, ओळखच दाखवली नाही! परत येताना आम्ही दोघींनी पुडाच्या वड्या बुटीबोरीलाच संपवल्या.

पुढचं सगळं त्यानं सांगितलेलं. पहिला मुक्काम सेवाग्राम. गांधीजी 1936 मध्ये तिथं राहायला आले, बापूकुटी वगैरे सरांनी रस्ताभर सांगितलं असणार. पण पोरांना काय आवडलं माहीत आहे? साप पकडायचा चिमटा आणि साप ठेवायची पेटी. मारायचा नाही, पकडायचा आणि लांब नेऊन सोडायचा. रात्री पोरं कंदील... कंदील कुठला, मोबाइलचे टॉर्च घेऊन साप शोधत फिरली म्हणे.

त्याच्याआधी सेलूच्या अलीकडे पंक्चर झालं. बावीस हजारांची गिअरची सायकल, आणि रुतला बाभळीचा काटा. पंक्चरवाला म्हातारा होता. त्यानं घमेलं पाण्यानं भरलं आणि समोर सरकवलं. म्हणाला, शोधा. आमच्यानं ट्यूब थोडी थोडी दाबत फिरवली, एका जागी बारीक बुडबुडे. तिथं पेनानं खूण केली, पुसली, कानशीनं घासली, सोलुशन लावलं आणि लगेच पॅच चिकटवला. निघाला पॅच. म्हातारा काही बोलला नाही, बिडी ओढत बसला. दुसऱ्यांदा सोलुशन लावून फुंकर मारत बसला आमचा, वाळेपर्यंत. बोट लावलं की चिकटलं नाही पाहिजे, मग दाबायचा, आजी. मला शिकवून राहिला! इतक्या बारकाईनं यानं मला आजवर काही सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्यानं पैसे घेतले ते फक्त पॅचचे.

दुसरा मुक्काम हिंगणघाट. रस्त्यावर कापसाच्या गाड्या, वारा समोरून, नाकातोंडात कापूस. सरांनी तारीख बरोबर धरली होती. आनंदवन उभं करणारे बाबा आमटे हिंगणघाटचे, 26 डिसेंबर 1914 चा जन्म. त्याच तारखेला पोरं तिथं पोचली. कुणाच्या तरी शेतावर तुरीच्या शेंगा उकडून दिल्या मीठ घालून, टोपलंभर फस्त.

आणि मजा तर पुढेच आहे. जामकडून वरोऱ्याला जाताना मागून घंटी वाजली. गावातल्या शाळेच्या मुली. मानव विकास योजनेत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात ना, तसल्या साध्या सायकली, हँडलला डबा, मागे एकजण डबल सीट. सरसर पुढे गेल्या आणि आमच्या हेल्मेटवाल्यांकडे पाहून खो खो हसल्या. या रोज जातात, रोज येतात, यांच्या सायकल मोहिमेचा फोटो कोणी काढत नाही. आमचा म्हणतो, आम्ही त्यांना गाठायचा खूप प्रयत्न केला. गाठलं का? नाही.

आनंदवनाचं मी नव्यानं काय सांगू. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये, एवढ्यावर 1949 मध्ये सुरू झालं. आणि बाबांच्या पत्नी साधनाताई तर आपल्या नागपूरच्याच, घुल्यांच्या घरच्या. माहेरचं सुख सोडून त्या माळरानावर गेल्या, विंचू-सापांत. बाबांबद्दल सगळे बोलतात, मला मात्र नेहमी त्यांचंच आठवतं.

पण खरी गोष्ट ही नव्हेच. खरी गोष्ट आमच्या ह्यांची. नातू आल्यापासून हे गप्प गप्प. काल रात्री जेवताना एकदम बोलले, मलाही जायचं होतं. कुठं? तर भारत जोडोत. अहो, चाळीस वर्षांत मला सांगितलं नव्हतं! 1985 चा डिसेंबर. बाबांनी सायकली काढल्या, कन्याकुमारी ते काश्मीर. शंभरावर तरुण पोरं-पोरी, पस्तिशीच्या आतली. पाच हजार किलोमीटरच्या वर, गावोगाव थांबत. बाबा स्वतः सत्तरीच्या पुढचे, पाठीच्या कण्याच्या दुखण्यानं बसता येत नव्हतं, एक तर उभं नाहीतर आडवं. तर गाडीत आडवे पडून सोबत गेले. पंजाब पेटलेला होता तेव्हा, आणि हे निघाले जोडायला. पुन्हा 1988 च्या शेवटी दुसऱ्यांदा निघाले, इटानगर ते ओखा, साडेसात हजारांच्या वर.

यांनी बॅग भरली होती. नवी ॲटलस घेतली होती, शिकवण्या घेऊन पैसे जमवून. तर सासऱ्यांनी रात्री सायकलला साखळी घातली आणि किल्ली जानव्याला बांधली. पेपर वाचतोस ना, म्हणाले, पंजाबात काय चाललं आहे. झालं. मार्चपर्यंत किल्ली जानव्यालाच. तोवर मंडळी पार उत्तरेत गेली होती.

मी म्हटलं, एवढं होतं तर 88 ला जायचं. तर म्हणाले, तेव्हा तू होतीस. आता यावर काय बोलावं? ताक वाढलं आणि उठले.

तुमची नात चौदाची ना? पुढच्या डिसेंबरात सर पुन्हा नेणार आहेत. आणि तोवर थांबवत नसेल तर मे महिन्यात, 15 ते 22, मूलजवळच्या सोमनाथला बाबांची श्रमसंस्कार छावणी असते, 1967 पासूनची. तिथं मात्र बसनं जायचं, मूलच्या उन्हात सायकल नको बाई. मुलगी आहे म्हणून मागे नका घेऊ. 85 साली पोरी गेल्या काश्मीरपर्यंत, आणि त्या जामच्या मुलींनी आमच्या पोट्ट्यांना मागे टाकलं ते तर आत्ताच सांगितलं. फक्त कार काढू नका. काढलीच तर मला हाक मारा.

सायकल नाही म्हणता? यांची ती ॲटलस आहे जिन्याखाली. आज सकाळीच पुसून ठेवली त्यांनी. टायर-ट्यूब नवे टाकावे लागतील आणि एकदा ओव्हरऑइलिंग. साखळी मी भंगारवाल्याला दिली.