मधल्या पट्ट्यांचे उपकार

सोसायटीच्या गणेशोत्सवात मी सलग तीन वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवली आणि तिन्ही वर्षं लोकांनी विचारलं, "यंदा तुम्ही नव्हतात का हो वाजवायला?" होतो की! ऑक्टोपॅडच्या डावीकडे, कीबोर्डच्या मागे, सत्काराच्या नारळांशेजारी. दिसत होतो, ऐकू येत नव्हतो.

आपलं काही चुकत असेल, ही शंका माणसाला सगळ्यात शेवटी येते. त्याआधी तो खरेदी करतो. मी इक्वलायझर पेडल घेतलं. बॉसचं जीई-७, १९८१ पासून गिटारवाल्यांच्या पायाखाली असलेलं. मुठीत मावेल न मावेल एवढा डबा. त्यावर सात उभ्या पट्ट्या, १०० हर्ट्झपासून दुप्पट दुप्पट होत ६.४ किलोहर्ट्झपर्यंत. आठवी एकूण आवाजाची. पट्टी मध्यावर आली की बोटाला बारीकशी खाच लागते. तिथे ती काहीच करत नाही. वर नेली की १५ डेसिबलपर्यंत वाढ, खाली ओढली की तेवढीच घट. १५ डेसिबल म्हणजे तीसपटीहून जास्त शक्ती. हे गणित मी कार्यक्रम झाल्यावर केलं.

रात्री दहानंतर, दार लावून, शेजारचं बाळ उठणार नाही इतक्या आवाजात मी प्रयोग सुरू केले. खालच्या पट्ट्या वर, वरच्याही वर, मधल्या तळाला. पट्ट्यांचा आकार हसऱ्या तोंडासारखा झाला आणि गिटार अशी काही भरदार वाजली, की मी स्वतःलाच "वा!" म्हणालो. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि टिपेचे सूर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून ठेवलंय. म्हणून असं हसरं तोंड बेडरूममध्ये गोड लागतं. मला ते माझ्या हाताचं कसब वाटलं. पट्ट्या हलू नयेत म्हणून वरून सेलोटेपही लावली.

कार्यक्रमाच्या दिवशी मंडपात रोषणाईच्या माळा सोडल्या होत्या. आपली वीज ५० हर्ट्झची. तिची गुणगुण गिटारच्या पिकअपमध्ये शिरते आणि १०० हर्ट्झवरही ऐकू येते. नेमकी तीच पट्टी मी छतापर्यंत नेलेली. पेडल दाबलं आणि स्पीकरमधून पिठाच्या गिरणीचा आवाज आला. वरच्या पट्टीने त्यात चुरचुर घातली. पुढच्या रांगेतल्या आजी नातवाला म्हणाल्या, "बघ रे, भजी तळायला घेतली वाटतं." नातू खरंच स्टॉलकडे पळाला.

गाणं सुरू झालं. खर्ज बास गिटारने खाल्ला, टीप झांजांनी खाल्ली. गिटारची खरी जागा मधली, आणि ती तर मी स्वतःच्या हाताने कापलेली. जन्मभर मध्यमवर्गात काढून मी नेमका मध्यमच रद्द केला होता!

दुसऱ्या गाण्यानंतर साउंडवाला पोरगा स्टेजवर आला. त्याने पेडलकडे पाहिलं, सेलोटेपकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काका, हे हसायला कोणी शिकवलं याला?" त्याने टेप सोलली, १०० ची पट्टी खाली ओढली, ६.४ ची मध्यावर आणली आणि ८०० हर्ट्झची मध्याच्या अगदी थोडी, दोन बोटांनी काळजी घेत, वर सरकवली. "आता वाजवा बिनधास्त."

मी वाजवलं. गिरणी थांबली, भजी थांबली. तीन वर्षांनंतर पहिल्यांदा माझी गिटार मंडपाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचली. गायिकेने चमकून मागे पाहिलं. कीबोर्डवाल्यानेही पाहिलं. मग मीही माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं. गाणं होतं जी मायनरमध्ये आणि मी, तीन वर्षांच्या सवयीने, अगदी आत्मविश्वासाने जी मेजर वाजवत होतो.

घरी जाताना जिन्यात शेजारचे काका भेटले. "यंदा ऐकू आलात हो," म्हणाले आणि जरा थांबून, दिलासा द्यावा तसं पुढे म्हणाले, "पुढच्या वर्षी नाही आलात तरी चालेल."