तात्यांचा माल

शेजारच्या तात्यांचा दिवसातला पहिला अभिमान दुधाचा. "पिशवीचं न्हाई हे. समोर पिळलंय!" म्हैस तिसऱ्याची, चहा काकूंचा, तात्यांकडे फक्त पिण्याचं काम. तेवढ्या भांडवलावर त्यांची सकाळ निघते.

माझ्या पुण्याच्या मेव्हण्याने एकदा विचारलं, पाथर्डीत बघण्यासारखं काय आहे? तात्यांनी त्याला मनगटाला धरून हमरस्त्यावर नेलं. "हा रोड कल्याणवरनं येतो आन् विशाखापट्टणमला जातो. दोन्हीकडं समुद्र. मधी कोण? आपण!" तेवढ्यात एक ट्रक गेला आणि मेव्हण्याचा शर्ट मातकट झाला. "बघा, केवढी वर्दळ!" तात्या म्हणाले.

मढीची यात्रा म्हणजे तर त्यांचा सुगीचा काळ. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत कानिफनाथांच्या गडाखाली माणसांची रीघ, आणि यात्रेतला गाढवांचा बाजार! तात्यांना गाढव घ्यायचं नसतं. पण एका वर्षी त्यांनी उगाच एका गाढवाचा ओठ वर करून दात पाहिले. "पाव्हणं, पारख हाय तुम्हाला," व्यापारी म्हणाला. गिऱ्हाईक बोहनीला आलंय असं त्याला वाटलं असणार. त्या एका वाक्यावर तात्यांनी वर्ष काढलं. लग्नाच्या बैठकीत नवऱ्या मुलाबद्दल मत विचारलं, तरी ते आधी त्याच्या दातांकडे बघत.

"पाथर्डीचा कोयता गेल्याबिगर साखर गोड होत न्हाई," हेही त्यांचंच. स्वतः त्यांनी कोयता फक्त नारळ फोडायला धरलाय. पण हा अभिमान मला मोडवत नाही. दिवाळी सरली की तालुक्यातली घरंच्या घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, आणि त्यांचं नाव घेणारं गावात कुणीतरी हवंच.

परवा उन्हात टँकर आला. दोनशे पावलांवरून तात्या खांद्यावर घागर घेऊन निघाले, काठोकाठ भरलेली. गल्लीभर सांगत आले, "थेंब सांडला न्हाई!" आमच्या दारापाशी आणखी मोठ्याने सांगितलं. त्यांच्या उंबऱ्यावर पाय अडकला. घागर आडवी, तात्या आडवे, अंगणभर पाणी. आम्ही धावलो. काकू कपाळाला हात लावून उभ्या.

तात्यांनी पडल्या पडल्याच घागर जवळ ओढली, चहूबाजूंनी फिरवून पाहिली आणि माझ्यापुढे धरली. "पोचा दाव!"